मंगळवारचा भोंगा

लेक: बाबा, ती पेटी तिसऱ्यांदा माळ्यावर चढली. मी खाली काढायची, तुम्ही वर ठेवायची. अशानं आपलं सामान कधी आवरून व्हायचं?

बाबा: रिकामी पेटी पायात येते म्हणून ठेवली.

लेक: रिकामी आहे कारण तुम्ही तिच्यात काही भरू देत नाही!

आई: आधी चहा घ्या दोघं. गार झाला की पुन्हा मलाच उठायला लावाल.

लेक: आई, मी चहाला आलेले नाही. सकाळी सहाला टेम्पो घेऊन निघालेय, तीन तास चालवत आले. मैत्रिणीच्या नवऱ्याचा टेम्पो, उद्या पहाटे त्याला तो मंडईत न्यायचाय. म्हणजे आज संध्याकाळच्या आत आपण इथून निघालेलो असलं पाहिजे. तुम्ही दोघं, तुमचे कपडे, औषधं आणि बाबांचं घड्याळदुरुस्तीच्या हत्यारांचं कपाट. बाकीचं मागाहून नेऊ.

बाबा: हिला बघ. लहानपणी गल्लीच्या टोकापर्यंत सायकल चालवायला घाबरायची, आता टेम्पो हाकते.

लेक: विषय बदलू नका.

बाबा: बदलत नाही गं भिंगरी, कौतुक करतोय. गिअर टाकताना खरखर करतो का तो?

लेक: बाबा!

आई: अहो, तिला बोलू द्या. पोरगी तीन तास उपाशी आलीय, तुमचं आपलं गिअर आणि खरखर.

लेक: तू सांग ना त्यांना. काल फोनवर तू हो म्हणालीस. आपलं ठरलं होतं.

आई: ठरलं होतं म्हणजे मी म्हटलं, मी बोलून बघते.

लेक: मग बोललीस?

आई: रात्री जेवताना म्हटलं, लेक न्यायला येतेय. तर म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे.

बाबा: होतंच कमी.

लेक: तुम्हाला दोघांना हसू येतंय. मंगळवारी काय झालं ते ठाऊक आहे ना? पेपरात दोन ओळी आल्या, आतल्या पानावर, विहिरीत पडलेल्या म्हशीच्या बातमीखाली. "भोंग्यात तांत्रिक बिघाड, नागरिकांनी घाबरून जाऊ नये." एकोणीस मिनिटं भोंगा वाजला, बाबा. एकोणीस!

बाबा: भोंगा काय, दर बुधवारी वाजतो. बरोबर बाराला, तीन मिनिटं. चाचणीचा. सगळा गाव त्यावर घड्याळ लावतो. तुझी आई त्यावर अंडी उकडते.

आई: भोंगा सुरू झाला की टाकायची, थांबला की काढायची. पिवळं मऊ राहतं. तुला आवडायची तशी.

लेक: पण त्या दिवशी बुधवार नव्हता. बाराही नव्हते. मंगळवार होता, अकरा चाळीस!

बाबा: मशीन आहे, बिघडतं. माझं सगळं आयुष्य त्यावरच चाललं की, मशीन बिघडतं म्हणून.

लेक: तुमच्याकडे घड्याळं बिघडतात. त्या टेकडीच्या पोटात घड्याळं नाहीत.

आई: हळू बोल.

लेक: का हळू? टेकडीला ऐकू जाईल?

आई: तसं नाही. घरात काही गोष्टींची नावं घेऊ नयेत.

लेक: म्हणून तुम्ही त्यांना पाहुणे म्हणता. सगळा गावच म्हणतो. "पाहुण्यांकडचा रस्ता", "पाहुण्यांची गाडी गेली". मी सहावीत जाईपर्यंत मला खरंच वाटायचं, टेकडीवर कुणाचे तरी नातेवाईक राहतात.

बाबा: अगं, ते आले तेव्हा लष्कराच्या साहेबांनी मैदानावर सभा घेऊन सांगितलं होतं. तात्पुरतं साठवतोय, सोय झाली की हलवू. तेव्हापासून पाहुणे म्हणतात. चाळीस वर्षं झाली. त्यांनी जायचं नाव काढलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या पाहुण्याला कधी निघणार म्हणून विचारणं बरं दिसत नाही.

लेक: अणुबॉम्ब आहेत ते, बाबा. दीड किलोमीटरवर. एकदा तरी म्हणा.

बाबा: म्हणून काय होणार? वजन कमी होणार आहे का त्यांचं?

लेक: तुमच्याशी बोलणं म्हणजे ना...

बाबा: आणि मला सांग, तू रुग्णालयात दिवसभर काय करतेस? क्ष-किरणांच्या खोलीत उभी असतेस. आम्ही कधी टेम्पो घेऊन आलो का तुला उचलून न्यायला?

लेक: मी शिशाचा एप्रन घालते. बटण दाबताना भिंतीमागे जाते. छातीवर पट्टी लावलेली असते, दर महिन्याला तपासतात मला किती किरण लागले ते. आणि मुख्य म्हणजे मशीन बंद केलं की बंद होतं. तुमच्याकडे काय आहे? एप्रन आहे?

आई: भोंगा झाला तर घ्यायच्या गोळ्यांचं पाकीट आहे. नगरपालिकेनं वाटलेलं.

लेक: त्याची मुदत बघितलीस?

आई: बघितली. तुझ्या लग्नाच्या वर्षीच संपली. सोबत एक कागद होता, भोंगा झाल्यावर काय करायचं त्याचा. चांगला जाड कागद. मी चमच्यांच्या खणात अंथरला.

लेक: देवा.

बाबा: वाचला होता मी. घरात थांबा, खिडक्या लावा, पुढील सूचनेची वाट पाहा. नाही तरी आम्ही तेच करतो.

लेक: बरं, ते राहू द्या. मला एक सांगा. मघाशी मी कोपऱ्यावर पाव घ्यायला थांबले, तिथे मुख्याध्यापिका बाई भेटल्या. म्हणाल्या, "वडिलांना सांग, तुमच्या घड्याळानं माझी अब्रू घालवली." मंगळवारी संध्याकाळी घड्याळ तुमच्याकडून नेलं, बुधवारी त्यावर बघून त्यांनी घंटा दिली, आणि अख्खी शाळा वीस मिनिटं आधी सुटली. पोरं खूश. पालकांचे फोनवर फोन.

बाबा: चहा खरंच गार झाला.

लेक: तुमच्या हातचं घड्याळ वीस मिनिटं पुढे? तुम्ही तर अर्ध्या मिनिटासाठी माणसाला परत बोलावून घेता.

आई: असेल काहीतरी. बाईंनीच किल्ली फिरवली असेल.

लेक: आई, तुला खोटं बोलता येत नाही. तू टेबल पुसायला लागलीस.

बाबा: भोंगा झाला तेव्हा मी दुकानात होतो. पुढच्या खोलीत, डोळ्याला भिंग लावून. भोंगा वाजला म्हणजे बारा वाजले, एवढंच डोक्यात आलं. वर पाहिलं तर भिंतीवर अकरा चाळीस. म्हटलं, मागे पडली वाटतं सगळी. म्हणून पुढे केली.

लेक: कुठली?

बाबा: सगळी.

लेक: सगळी म्हणजे?

आई: एकतीस.

लेक: एकतीस घड्याळं! बाबा, एक मागे पडेल, दोन पडतील. एकतीस घड्याळं एकाच वेळी, एकसारखी वीस मिनिटं मागे पडली, आणि तो एकटा भोंगा खरा?

बाबा: हस. हस पोटभर.

लेक: मी... नाही, थांबा... मला कल्पनाच करवत नाही. गाव जिवाच्या आकांतानं पळतंय आणि तुम्ही स्टुलावर चढून काटे फिरवताय!

बाबा: नंतर लाउडस्पीकरवरून सांगितलं, बिघाड होता. मग भिंतीवरची परत मागे घेतली. खणातली हातघड्याळं विसरलो. सात होती. पाच लोकांनी नेली. चाळीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं, भिंगरी. बाईंचं तर मी स्वतः त्यांच्या मनगटावर बांधलं.

आई: झालं ना आता. एवढं मनाला लावून घ्यायला काय कुणाचा पाय मोडला?

लेक: मी हसतेय, पण मला हसू येत नाहीये, कळतंय का तुम्हाला? मला कळलं बारा वाजता. एका पेशंटच्या मोबाईलवर. मी त्याचा खांदा नीट धरून उभी होते, तो म्हणाला, "ताई, तुमच्या गावचं नाव दाखवतायत." मी फोन लावत सुटले. सगळ्या लाइन व्यस्त. चाळीस मिनिटं, बाबा. त्या चाळीस मिनिटांत मला आई-वडील नव्हते. मी मनातल्या मनात सगळं करून मोकळी झाले होते. आणि मग फोन लागला, तर ही बाई काय म्हणाली असेल?

बाबा: काय म्हणाली?

लेक: "जेवलीस का?"

आई: मग काय विचारायचं? साडेबारा होऊन गेले होते.

लेक: मी जिन्यावर बसून रडले त्या दिवशी. लोकांना वाटलं, कुणी गेलं.

आई: अगं... ये इकडे. ये. मला कुठे ठाऊक होतं. तू आपली "हो, जेवले" म्हणालीस.

लेक: तू विचारलंस म्हणून म्हटलं.

बाबा: भिंगरी, ऐक. तुझं खरं आहे. मी नाही म्हणत नाही. पण माणूस असा सकाळच्या चहाला घर सोडतो का? असं करू. हिला तू आजच घेऊन जा. मी महिनाभरात येतो. लोकांची घड्याळं द्यायची आहेत, चुकीची दिलेली परत आणून नीट करायची आहेत. दुकान गुंडाळायला वेळ लागतो.

लेक: तुमचा महिना मला ठाऊक आहे. तुम्ही "दोन दिवसांत देतो" म्हणालात की लोक पंधरवड्यानं येतात.

बाबा: या वेळी खरंच.

आई: मी जाणार नाही.

लेक: आई! आता तू?

आई: दोघं निघत असलो तर माझी पिशवी भरलेली आहे, दारामागे. एकटी जाणार नाही.

बाबा: अगं, महिन्याचा तर प्रश्न. तिथे नीट झोप लागेल तुला. डोळ्यांचा डॉक्टरही तिथे बरा आहे. हट्ट काय करतेस?

आई: हट्ट नाही. मला जमत नाही, हे मला मंगळवारी कळलं.

बाबा: काय जमत नाही?

आई: तुम्हाला इथे ठेवून जाणं. करून पाहिलं मी.

लेक: म्हणजे? तू तर घरी होतीस ना? फोन तूच उचललास.

बाबा: ती डोळे दाखवायला नदीपलीकडे निघाली होती. बस चुकली म्हणून परत आली.

आई: बस चुकली नव्हती.

बाबा: तूच म्हणालीस.

आई: मी बसमध्ये बसले होते. खिडकीजवळ, चांगली जागा मिळाली होती. सुटायला दहा मिनिटं होती आणि भोंगा झाला. पहिल्यांदा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक बाई म्हणाली, "आज मंगळवार आहे." हळूच म्हणाली, चूक काढल्यासारखी. मग लोक धावत बसमध्ये चढायला लागले, टपावरसुद्धा. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं आणि मागे वळून ओरडला, "आता मी कुठे थांबणार नाही, धरून बसा."

लेक: आणि तू?

आई: मी उठले. त्याला म्हटलं, दार उघड. तो म्हणाला, "मावशी, वेड लागलंय का? गाडी बाहेर चाललीय." म्हटलं, म्हणूनच उतरते. माझा माणूस वर आहे.

लेक: आई...

आई: दोन्ही पाय खाली टेकले नाहीत तोवर माझ्या जागेवर तिघं बसले. मी चालायला लागले. सगळी माणसं उतरणीला धावतायत आणि मी चढणीला. एक जण जाता जाता ओरडला, "आजी, उलट्या चाललात!" म्हटलं, नाही रे बाबा, माझा रस्ता हाच.

बाबा: चाळीस वर्षांत कधी बस सोडली नाहीस तू. पंधरा मिनिटं आधी जाऊन उभी राहतेस.

आई: हो ना. या वेळी जागासुद्धा मिळाली होती.

लेक: गुडघा दुखतो तुझा. तो चढ तू किती वेळात चढलीस?

आई: सोळा मिनिटं. तुझ्या बाबांच्या घड्याळात पाहत होते. म्हणजे माझ्या हातातल्या, यांनी दिलेल्या. तेवढंच एक त्या दिवशी गावात बरोबर होतं.

बाबा: मला का नाही सांगितलंस?

आई: सांगायला आले होते. दारातून आत पाऊल टाकलं तर टोल्याची नऊ घड्याळं एकामागून एक बारा वाजवतायत, वर तो भोंगा, आणि तुम्ही स्टुलावर उभे, पाठमोरे. काटा धरायला जायचात आणि काचेवर बोट लागायचं. मी काय सांगणार? येऊन स्टूल धरलं.

बाबा: मला वाटलं, ते स्टूल डगमगतं म्हणून धरलंस.

आई: स्टूल कुठे, तुम्हीच डगमगत होतात.

लेक: बाबा? बाबा, इकडे बघा. काय झालं?

बाबा: मघाशी तुला खोटं सांगितलं मी.

लेक: कशाबद्दल?

बाबा: घड्याळं मागे पडली असं मला एक क्षणसुद्धा वाटलं नाही. डोळ्याला भिंग होतं, समोर बाईंचंच घड्याळ उघडं होतं. मंगळवार होता, ठाऊक होतं. हिला सकाळी बससाठी मीच सुटे पैसे दिले होते. घड्याळं बरोबर होती, एकूण एक. मी मान वर केली, सगळी अकरा चाळीस दाखवत होती, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आई: राहू द्या आता.

बाबा: नाही, बोलू दे. मला वाटलं, हे बारा असायला हवेत. बुधवारचे बारा असले तर काहीच झालेलं नाही. म्हणून एकाला पुढे केलं. मग दुसऱ्याला. थांबवेना. वाटत होतं, सगळी बारावर आणली की हा भोंगा नेहमीचा होईल. भिंतीवरची झाली, मग खणातली काढली. शेवटी कॅलेंडरचं मंगळवारचं पान फाडलं. इतका शहाणा माणूस मी, लोक मला वेळेचा खात्रीचा माणूस म्हणतात, आणि मी वेळेला फसवायला बसलो.

लेक: अहो बाबा, कुणीही...

बाबा: आणि सगळा वेळ एकच गोष्ट बरी वाटत होती. ही बसमध्ये असेल. सुटली असेल, पुलापलीकडे गेली असेल. एक तरी सुटलं. आणि मागे बघतो तर ही, स्टूल धरून उभी. घामाघूम. मला इतका राग आला तुझा, म्हणून सांगू.

आई: कळलं होतं. कान लाल झाले होते तुमचे.

बाबा: राग आला आणि इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली.

आई: आनंद झाला ना? मग माझा चढ वसूल झाला.

लेक: तुम्ही दोघं म्हणजे ना... माझ्याकडे रुमाल नाही. तो टेबलाचा दे.

आई: तो नको, त्याला चहा लागलाय. पदर घे.

बाबा: काल टेकडीवरचा तो पहारेकरी आला होता, उंच मुलगा. त्याचंही घड्याळ त्या पाचांतलं. मला वाटलं, भांडायला आला. तर काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. म्हणाला, "काका, आम्ही फाटकावर होतो. आत फोन लावत होतो, कुणी उचलत नव्हतं. आम्हालाही माहीत नव्हतं, खरं की खोटं." मी विचारलं, मग काय केलंत? म्हणाला, "उभे राहिलो. काय करणार?"

आई: हे तुम्ही मला नाही सांगितलंत.

बाबा: तू बसचं सांगितलंस?

आई: ते वेगळं.

बाबा: मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की निदान वरच्यांना ठाऊक असतं. आपल्याला कळत नसलं तरी कुणीतरी तिथे बसलंय, त्याला कळतंय. तो पोरगा गेला आणि मला जेवण गेलं नाही.

लेक: तुम्ही मिठाला नावं ठेवलीत.

बाबा: दुसरं काय सांगणार होतो?

आई: आता माझं ऐका, मग काय ते करा. मी काही तुम्हाला चला म्हणत नाही. हे दुकान तुम्ही कसं उभं केलंत ते मला ठाऊक आहे. राहायचं तर राहू. फक्त "तू जा, मी एकटा राहतो" हे पुन्हा म्हणायचं नाही. तुम्ही राहिलात की मी राहिले. बस समोर उभी असली तरी. तेव्हा ठरवाल ते दोन जिवांचं आहे असं समजून ठरवा.

बाबा: हे असं बोलल्यावर माणसानं ठरवायचं काय उरलं?

आई: तुमचं तुम्ही बघा.

बाबा: तुला जायचंय. त्या खिडकीला तू पडदा लावलास, आपण इथे आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी. टेकडीकडच्या. म्हणालीस, ऊन येतं. उत्तरेची खिडकी आहे ती. तिथून कसलं ऊन? आणि मी, शहाणा, दर वर्षी नवा पडदा आणून देत होतो.

आई: चांगले आणायचात. निळा तर अजून वापरते.

लेक: बाबा, माझ्याकडे तळमजल्याची खोली रिकामी आहे, सांगितलं ना. तिची खिडकी रस्त्यावर उघडते. टेबल लावलं की दुकान.

बाबा: तुमच्या त्या नव्या वस्तीत घड्याळ कोण दुरुस्त करतं? मोबाईल बघतात सगळे.

लेक: आमच्या रुग्णालयात या एकदा. पाच मजले, प्रत्येक मजल्यावर घड्याळ, आणि कुठल्याच दोघांचं एकमेकांशी पटत नाही.

बाबा: पटत नाही म्हणजे? किती फरक?

लेक: पहिल्यात आणि तिसऱ्यात अकरा मिनिटं. प्रसूतीच्या मजल्यावरचं तर गेल्या वर्षापासून बंद आहे.

बाबा: बंद? आणि मुलांच्या जन्मवेळा कशावर लिहितात?

लेक: ज्याच्या हातात घड्याळ असेल त्याला विचारून.

बाबा: अरे, काय माणसं आहेत का कोण! जन्मवेळ आहे ती!

आई: झालं. गेला हा माणूस.

बाबा: पेटी काढ ती खाली. उभी काय राहिलीस? आधी हत्यारं. थांब, तू नको, चिमटे मी ठेवतो. तुझ्या हाताला घाई आहे.

लेक: खरंच?

बाबा: आणि कागद दे एक. दारावर चिठ्ठी लावतो. "पुढील पाच जणांची घड्याळं वीस मिनिटं पुढे आहेत. चूक माझी. काटा मागे घ्यावा, बिघाड नाही." खाली तुझा पत्ता घाल. त्या पोराचं काल नीट करून दिलं, म्हणजे चारच उरली. बाईंचं मी जाता जाता शाळेत थांबून करतो, म्हणजे तीनच लिहायची.

लेक: आज शनिवार आहे, शाळेला सुट्टी.

बाबा: मग घरी जाऊ त्यांच्या. क्षमा मागायची आहे, त्याला शाळा कशाला लागते?

आई: भिंतीवरच्यांचं काय करायचं?

बाबा: ती दोन घे, मधली. बाकी राहू देत. परवाच किल्ली दिलीय, अजून सहा दिवस चालतील.

आई: मग थांबतील.

बाबा: थांबू देत. मी हातानं थांबवणार नाही. पुढच्या आठवड्यात येऊन उरलेली नेऊ. भिंगरी, तो तुझा मंडईवाला पुन्हा देईल ना टेम्पो?

लेक: त्याच्या बायकोच्या हाताचा एक्स-रे मी रांगेशिवाय काढला होता. देईल.

आई: अंगावर घ्यायचं काढलंत का? गाडीत वारा लागतो. आणि गोळ्यांचा डबा? तो नव्हे, तुमचा, रक्तदाबाचा. नगरपालिकेचं पाकीट घेऊन कुठे निघालात?

बाबा: टाकून देतो म्हणून उचललं.

आई: द्या इकडे. घर झाडून कुलूप लावते. तुम्ही दोघं व्हा पुढे.

लेक: घर कशाला झाडतेस आता?

आई: कचरा टाकून गेले असं नको म्हणायला कुणी.

(गावाबाहेरचा पूल ओलांडून टेम्पो चाललेला. लेक चालवतेय. शेजारच्या बाकावर आई आणि बाबा, मांडीवर कपड्यांत गुंडाळलेलं एकेक घड्याळ.)

बाबा: खरखर करतो गं हा. तिसऱ्या गिअरला.

लेक: बाबा, तुम्ही डोळे मिटून बसा बरं.

बाबा: बाई भल्या आहेत. काही बोलल्या नाहीत, उलट म्हणाल्या, पोरांनी विचारलंय, काका पुन्हा कधी चुकणार? अगं, तुझा हात एवढा गार का पडलाय? खिडकी लावू का?

आई: नको.

बाबा: मग? बरं वाटत नाही का? भिंगरी, जरा बाजूला घे.

आई: घेऊ नको गं, चालव. काही झालेलं नाही. भीती वाटतेय मला.

बाबा: आता? अगं, आता तर निघालो आपण. पूलसुद्धा मागे पडला.

आई: आताची नाही हो. मागची आहे, सगळी. तिथे असताना वाटून कसं चाललं असतं? स्वयंपाक कोणी केला असता?

लेक: आई, पाणी हवंय का?

आई: नको. तू पुढे बघ.

बाबा: ते घड्याळ दे माझ्या मांडीवर. दोन्ही राहतात. आता टेक इकडे. आणि वाटू दे सावकाश, चांगला तीन तासांचा रस्ता आहे.